रासदेवाखालचा डबा

"दोन कशाला?" मी विचारलं.

 ओढ्याच्या कोरड्या पात्रात उकिडवा बसून गौरीश दगड निवडत होता. मे महिन्यातले पहाटेचे साडेपाच. पाणी म्हणावं असं एका खळग्यात तेवढं उरलं होतं. त्याने मुठीएवढा गुळगुळीत दगड उचलला, पँटला पुसला आणि सॅकमध्ये टाकला. मग तसाच दुसरा.

"एक मागचा राहिलाय," तो म्हणाला.

"अस्सं."

माझ्या त्या 'अस्सं'चा अर्थ त्याला बरोबर कळला. त्याने सॅकची चेन जोरात ओढली.

चांगुणामावशी ओढ्यापलीकडे आमची वाट पाहत उभ्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, कमरेला कोयता. आम्ही दोघं आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या घरी होतो आणि आज त्याच आम्हाला डोंगराच्या धारेवर नेणार होत्या.

"तू बी घे गं बाय," त्या मला म्हणाल्या. "रासदेवाला रिकाम्या हातानं जाऊ न्हाई."

धारेच्या शेवटाला दगडांची एक मोठी रास आहे, तिला वाडीतले लोक रासदेव म्हणतात. धार ओलांडणाऱ्याने या ओढ्यातला एक दगड वर न्यायचा आणि राशीवर ठेवायचा, असा रिवाज.

"मावशी, माझ्या पाठीवर साडेतीन लिटर पाणी आहे. त्यात अजून अर्धा किलो कशाला?"

"पाणी पिऊन संपंल. दगड ऱ्हाईल."

"म्हणूनच नको."

मावशी हसल्या आणि चालायला लागल्या.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. भूभौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून गौरीश तेंडोलकर आणि मी सबनीस मॅडमच्या प्रकल्पात सहायक म्हणून लागलो होतो. तवलीच्या धारेवरच्या खडकांचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं, असं ते काम. जूनपासून मॅडमकडे पीएच.डी.साठी एकच जागा होती आणि ती गौरीशला मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात मी मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगितलं, की गौरीशने फेब्रुवारीत धारेवरून आणलेले आकडे खोटे आहेत.

ती जागा मलाही हवी होती. पण मी त्यासाठी गेले नव्हते, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं.

माझ्याकडे तक्ता होता. धारेवर तेवीस ठिकाणी मोजमाप झालेलं. प्रत्येक ठिकाण आधीच्यापासून बरोबर पन्नास मीटरवर आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीनंतर बरोबर सहा मिनिटांनी. सपाट रस्त्यावरही कुणी असं चालत नाही. तवलीची धार तर काही ठिकाणी हातभर रुंद आहे आणि दोन्ही अंगांना दरी. माझा निष्कर्ष सरळ होता. तो वर गेलाच नाही. पायथ्याशी झाडाखाली बसला आणि दर सहा मिनिटांनी चार पावलं सरकून यंत्राचं बटण दाबत राहिला.

साक्षीदार कुणी नव्हता. खरं तर त्या दिवशी त्याच्याबरोबर मी असायचं. पण माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता आणि भाड्याने आणलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं. "तू जा, मी बघतो," असं तोच म्हणाला होता. नेमकी अमावास्या आली. अवसेला वाडीतलं कुणी धारेवर पाऊल ठेवत नाही, म्हणून तो एकटा गेला. यंत्राजवळ मोबाइल चालत नाही, त्यामुळे फोटोही नव्हते.

"पण वर एक जिओकॅश आहे," तो मॅडमना म्हणाला. "त्यातल्या वहीत माझी सही आहे. तारखेसकट."

जिओकॅश म्हणजे लपवलेला डबा. जगभरातले हौशी लोक असे डबे डोंगरात, बागेत, पुलाखाली ठेवतात आणि त्यांचे अक्षांश-रेखांश एका संकेतस्थळावर टाकतात. ज्याला डबा सापडेल त्याने आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. गौरीशला हा नाद कॉलेजपासून होता. तवलीच्या धारेवरचा डबा चार वर्षांपूर्वी कुणी तरी ठेवला होता. खूण दिली होती : 'दगडांच्या ढिगाच्या पूर्वेकडची फट.' तो शोधल्याची नोंद गौरीशने संकेतस्थळावर केली नव्हती, कारण एकट्याने डोंगरावर जायचं नाही हा मॅडमचा पहिला नियम होता.

मॅडमनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं होतं. "दोघं मिळून जा. सोमवारपर्यंत त्या पानाचा फोटो हवा. नाही मिळाला, तर मला दुसरं नाव कळवावं लागेल."

आज शनिवार होता.

पहिला दीड तास नुसती चढण होती. कारवीची वाळकी दांडकी, घसाऱ्याची माती, आणि त्यावर पसरलेलं पिवळं गवत. 

"गवतावर पाय देऊ नगं," मावशी मागे न बघता म्हणाल्या. "तेल सांडल्यागत सरकतंय. खडक बघून दे."

"मावशी, फेब्रुवारीत हा तुमच्याकडे उतरला होता ना?" मी विचारलं.

"व्हय की. सांगितलं व्हतं, अवस हाय, जाऊ नगं. सकाळी उठून बघते तर घोंगडी मोकळी. दुपारी आला, चार भाकरी खाल्ल्या न् झोपला मेल्यावाणी."

"कुठून आला ते सांगितलं?"

"इचारलं न्हाई. भुकेल्याला काय इचारायचं?"

"तिची उलटतपासणी चाललीये, मावशी," गौरीश मागून म्हणाला. "जपून उत्तर द्या. पुढच्या वेळी तुम्हालाही डोंगर चढायला लावेल."

"मी तर रोजच चढते."

साडेसातला आम्ही खिंडीत पोचलो आणि धार समोर आली. लांबून ती एखाद्या पालथ्या नावेच्या तळासारखी दिसते. जवळ आलं की कळतं, तो तळ नव्हे, पातं आहे. अंतर अकराशे मीटर. वारा पडलेला होता. उजवीकडे खोल खाली एक तळं चमकत होतं, डावीकडे नुसतं धुकट निळं.

गौरीशने मनगटावरच्या प्लास्टिकच्या घड्याळाचं बटण दाबलं.

"हे काय?"

"गजर. दर सहा मिनिटांनी. त्या दिवशी लावला होता तसाच. चाल आणि बघ."

मी माझ्या मोबाइलवर अंतर मोजायला सुरुवात केली. तो त्याचा पुरावा मांडत होता, मी माझा.

सुरुवातीचा भाग रुंद होता. घड्याळ पहिल्यांदा वाजलं तेव्हा आम्ही ब्याऐंशी मीटर आलो होतो. दुसऱ्यांदा, चौसष्ट. मग धार अरुंद होत गेली आणि एका ठिकाणी मावशी चक्क घोड्यावर बसावं तशा बसल्या आणि दोन्ही हात पुढे टेकत सरकू लागल्या.

"हितं लाज धरायची न्हाई," त्या म्हणाल्या. "आमदार आला व्हता मागं, त्यो बी असाच बसला."

मी बसले. खडक एवढ्यातच तापला होता. मध्ये एका जागी कातळ तुटलेला होता, पाऊलभर रुंद फट. तिच्यातून खालचं झाड दिसत होतं, कोथिंबिरीच्या जुडीएवढं. माझे हात कातळाला चिकटले ते सुटेनात.

"कानिटकर," गौरीश पलीकडून मला म्हणाला. तो माझ्या आधी गेला होता आणि आता वळून बसला होता. "खाली नको बघूस. माझ्या बुटाकडे बघ. डावा बूट. त्याची नाडी कशी बांधलीये?"

"उलटी."

"कधीपासून सांगायचं होतं ना तुला? सांग आता."

"तू गाठ उलटी मारतोस. म्हणून सारखी सुटते."

"हं. ये. हात दे."

मी हात दिला आणि पलीकडे गेले. घड्याळ वाजलं. आम्ही सहा मिनिटांत एकोणीस मीटर आलो होतो.

जरा रुंद जागा आल्यावर मी पाणी प्यायले, श्वास शांत होऊ दिला. मग म्हणाले, "गौरीश, एक विचारू?"

"मॅडमच्या आधी मला विचारतेयस. प्रगती आहे."

"आत्ता सहा मिनिटांत एकोणीस मीटर झाले. सुरुवातीला ब्याऐंशी. असंच होणार, धारच तशी आहे. मग त्या दिवशी प्रत्येक वेळी बरोबर पन्नास मीटर कसे झाले?"

तो पाण्याची बाटली तोंडाशी नेता नेता थांबला.

"पन्नास कोण म्हणालं?"

"तक्त्यात आहे."

"कुठल्या तक्त्यात? मॅडमनी मला फक्त वेळा दाखवल्या. मी म्हटलं, गजर लावला होता." त्याने बाटली खाली ठेवली. "दर पन्नास मीटरवर थांबायचं ठरलं होतं, मान्य. पण एकट्याला ते जमेना. पुढची खूण शोधायला गेलं की नजर खाली जायची. म्हणून ठरवलं, घड्याळ वाजेपर्यंत फक्त चालायचं. वाजेल तिथे थांबायचं, आकडा घ्यायचा, मागचं अंतर दोराने मोजून लिहायचं. एकतीस, अठ्ठ्याऐंशी, बारा... बाराच्या ठिकाणी तर मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. सगळं कागदावर लिहून तुला दिलं ना, रेघांच्या कागदावर?"

दिलं होतं. त्या कागदाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग होता.

तो डाग आठवला आणि त्यामागोमाग मार्चमधली एक दुपार आठवली. बाटलीचं झाकण लावायचं विसरून मी तशीच उभी राहिले.

"काय झालं?" गौरीशने विचारलं.

"काही नाही. घरी गेल्यावर बघते."

मी चालायला लागले, पूर्वीपेक्षा भराभर. वही सापडली की सगळं मिटेल. त्याची सही दिसेल, मी मॅडमना म्हणेन 'माझा गैरसमज झाला', आणि गैरसमज कशाने झाला हे कुणी विचारणारही नाही. हा विचार मला तिथेच, त्याच क्षणी आला. तो आला हे मी नाकारू शकत नाही.

पावणेदहाला धार संपली. छोटंसं पठार, त्याच्या मध्यावर रासदेव. शेंदूर नाही, मूर्ती नाही. नुसते ओढ्यातले गोल दगड एकावर एक, माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत.

गौरीश जागच्या जागी थबकला.

"एवढी नव्हती," तो म्हणाला. "कमरेएवढी होती."

"जत्रा झाली न्हवं चैतात," मावशी म्हणाल्या. "औंदा पयल्यांदाच तीन गावं आली. हजारेक माणूस आसंल."

त्याने राशीला एक फेरी मारली. पूर्वेच्या बाजूला गुडघे टेकले, हाताने चाचपलं. "इथे फट होती. कोपरापर्यंत हात जायचा. डबा आत होता, हिरव्या झाकणाचा." आता तिथे फट नव्हती. राशीचा घेर दोन्ही अंगांनी वाढला होता. ज्याने कुणी चार वर्षांपूर्वी डबा ठेवला, त्याला हा वाटाड्यांनी रचलेला साधा ढीग वाटला असणार. तो वाढत जातो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मोबाइलवरचा ठिपका आमच्या पायाशी होता. डबा जेमतेम दोन हातांवर. मध्ये दगड.

मी सॅक उतरवली आणि दगड काढायला लागले. एक, दोन, तीन. नीट रांगेत ठेवत होते, म्हणजे परत तसेच रचता येतील. चौथ्याला हात घातला आणि मावशींनी माझं मनगट धरलं.

"काय करतीस?"

"मावशी, आत डबा आहे. याचं नाव आहे त्यात. काढून, फोटो घेऊन, सगळं होतं तसं रचून ठेवते. एकही दगड इकडचा तिकडे होणार नाही."

"तसं न्हाई चालत."

"का?"

"जत्रा झाली की निम्मी वाडी खाली जाती. इटभट्टीवर, द्राक्षाच्या बागंत, कुणी मुंबईला गाळ काढाया. जाताना दगड ठेवून जाती. म्हंजी मी परत येतो आसा शबुद. ज्यानं ठेवला त्यो येईपत्तुर त्याचा दगड हलवायचा न्हाई." त्यांनी मी काढलेल्या तीन दगडांकडे पाहिलं. "ह्यात कुणाचा कुठला, तुला ठावं हाय? मला बी न्हाई. माझी लेक हाय ह्यात, जावाई हाय."

"ते कधी येतात?"

"पाऊस लागला की. आखाडात ये. समदी आली आसतील. मंग तुझ्यासंगं मीच उचलंन, तळापत्तुर."

आषाढ म्हणजे दीड महिना. मॅडमचा सोमवार परवावर होता.

"मावशी, ऐका ना. कुणाला कळणार नाही," मी म्हणाले.

आजही ते वाक्य मला स्वतःच्या आवाजात ऐकू येतं.

"मला कळंल की," मावशी म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या.

मी गौरीशकडे पाहिलं. त्याने रेटून धरलं असतं तर मावशी काय करणार होत्या? त्या एकट्या, आम्ही दोघं. त्याची पीएच.डी.ची पुढची तीन वर्षं त्या राशीखाली होती. तो बराच वेळ पूर्वेकडच्या बाजूला हात लावून बसून राहिला. मग उठला. मी काढलेले तीन दगड एकेक करून उचलले आणि जिथले होते तिथे बसवले.

"राहू दे, कानिटकर."

"अरे पण सोमवार..."

"राहू दे म्हटलं ना. मॅडमना सांगू, डबा निघाला नाही. पुढे त्यांना काय ठरवायचं ते ठरवू देत." त्याने सॅक उघडून ओढ्यातले दोन दगड काढले. "तुला पटलं असेल तर तसं सांग. नसेल पटलं तर तेही सांग. तुझं तू बघ."

त्याने एक दगड राशीवर ठेवला. मग दुसरा. दोन्ही नीट बसेपर्यंत हलवून पाहिले.

मी खाली बसले. आता डबा मधे पडून माझी सुटका करणार नव्हता. तरीही मला गप्प राहता आलं असतं. 'पुरावा मिळाला नाही' हे वाक्य अक्षरशः खरं होतं.

"गौरीश," मी म्हणाले, "ते पन्नास मीटर माझे आहेत."

"म्हणजे?"

"तुझी अंतरं मीच टंकली होती. एकतीस, अठ्ठ्याऐंशी, बारा. पण आलेख काढायच्या प्रोग्रॅमला सारखी अंतरं लागतात. आठ मार्चला मी त्याला सांगितलं, सगळं पन्नास-पन्नासवर आणून दे. त्याने मधले आकडे हिशेबाने काढून दिले. एकूण अंतर अकराशे मीटर, म्हणून तेही तेवीसच निघाले. वेळांचा रकाना मात्र मूळचा तसाच शेजारी राहिला. मी त्याच फायलीवर सेव्ह केलं आणि विसरून गेले. मे महिन्यात तीच फाईल उघडली आणि मला वाटलं, हे तू दिलंयस."

तो माझ्याकडे वळला.

"तुझे आकडे ओबडधोबड होते. खरे असतात तसे. ते गुळगुळीत मी केले, आणि गुळगुळीत आहेत म्हणून मीच तुला खोटं ठरवलं."

"हे तुला कधी कळलं?"

"मघाशी. तू 'बारा' म्हणालास तेव्हा."

"आणि इथे येऊन तू दगड उपसायला लागलीस."

"हो."

त्याने तळ्याकडे तोंड फिरवलं. त्याची पाठ मला दिसत होती, घामाने खारवलेली, पांढऱ्या रेघा उमटलेली.  त्याचं घड्याळ वाजलं, ते त्याने बंद केलं.

"आधी मला विचारायचं होतंस," तो शेवटी म्हणाला. "एवढंच. एक फोन."

"हो."

मावशी सावलीत बसून भाकरीचं फडकं सोडत होत्या. आमच्या बोलण्यातलं किती त्यांना समजलं कुणास ठाऊक. "मिटलं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही, मावशी," गौरीश म्हणाला.

"मंग भाकर खावा. भरल्या पोटानं भांडा."

नाचणीची भाकरी, वाळकी मिरची, कांदा. आम्ही तिघांनी खाल्लं. निघताना मावशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुझा दगड?"

मी आजूबाजूला पाहिलं आणि पठारावरचा एक दगड उचलला.

"ह्यो वरचाच हाय. वरचा चालत न्हाई. खालून आणाया लागतो." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "आसूं दे. राहिला म्हणायचा. रासदेव कुठं पळून चालला न्हाई."

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. तारीख, प्रोग्रॅम, कुठलं बटण. धारेवर मी काय करायला निघाले होते तेही. त्या पेन्सिल खाली ठेवून फक्त म्हणाल्या, "मूळ कागद?"

मूळ कागद माझ्याच फायलीत होता, बिलांच्या पावत्यांमागे. गौरीशच्या तिरक्या अक्षरात तेवीस ओळी. मी मॅडमसमोर त्या एकेक वाचून दाखवल्या. आकडे संपले तरी कागद संपला नव्हता. खाली, तेलाच्या डागाशेजारी, अजून दोन ओळी होत्या. फेब्रुवारीत टंकताना मी त्या पाहिल्या असणारच. पण माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

'शेवटी दगडांची रास. डबा सापडला, सही केली. ओढ्यातून दगड आणायचा राहिला, पुढच्या वेळी दोन.'

जागा गौरीशला मिळाली. मी प्रकल्प सोडला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात गेले. पुढे आमची बोलाचाली सुरू झाली, पण पूर्वीसारखी मैत्री काही झाली नाही. आता मी विद्यार्थ्यांचे तक्ते तपासते. काही खटकलं तर आधी त्यांना फोन करते.

धारेवर गेलो त्याच वर्षीच्या डिसेंबरात मी वाडीला गेले. सगळे परत आले होते. मावशींची लेकही अंगणात होती, तान्ही मुलगी मांडीवर घेऊन.

"डबा काढायचा का आता?" मावशींनी विचारलं.

"नको. असू दे आत."

पहाटे आम्ही ओढ्यापाशी आलो. या वेळी पाणी होतं, बर्फासारखं. मी वाकून एक दगड निवडला, सॅकमध्ये टाकला. मग दुसरा.

मावशी पलीकडे उभ्या होत्या. दोन कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.